गाळ्यातील चूल : यंत्रशाळेच्या साधनांवर अन्न शिजवताना

मुंबईच्या उपनगरांत गाळा म्हणजे औद्योगिक इमारतीतील एका शटरमागची जागा : एक लांबट खोली, वर लोखंडी किंवा लाकडी पोटमाळा, खाली लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा संच, क्वचित प्लेटिंगची टाकी, आणि बहुधा एका कोपऱ्यात एखादी शेगडी. अंधेरीतील मरोळची औद्योगिक वसाहत, साकीनाक्याचा खैरानी रोड, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा लालबहादूर शास्त्री मार्ग आणि बोरिवलीच्या जुन्या वसाहती, या सर्व पट्ट्यांत असे गाळे आहेत आणि त्यांतील अनेकांत काम करणारा कारागीर तेथेच जेवतो, कित्येकदा तेथेच झोपतोही. त्याच्या जेवणाची सोय कायद्याने करून ठेवलेली असेल असे समजण्याचे कारण नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमाने उपाहारगृहाची सक्ती केली ती 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यावर आणि जेवणाच्या वेगळ्या खोलीची सक्ती केली ती 150 हून अधिक कामगारांच्या कारखान्यावर. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने उपाहारगृहासाठीची कामगारसंख्या 100 पर्यंत खाली आणली, तरी सात-आठ माणसांचा गाळा दोन्ही मर्यादांच्या पुष्कळ खालीच राहतो. म्हणून हाताशी जे साधन असेल त्यावर डबा गरम करणे, पापड भाजणे, खिचडी टाकणे हे प्रकार होत आले आहेत आणि पुढेही होतील. ते मुळीच करू नयेत असे सांगणारा सल्ला कोणी पाळत नाही. त्यामुळे त्यांतील काय चालण्यासारखे आहे, काय थोड्या दुरुस्तीने चालेल आणि काय कोणत्याही परिस्थितीत टाळावे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

यासाठी एक कसोटी आधी स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. घरच्या स्वयंपाकघरात भांडे स्वच्छ आहे की नाही एवढेच पाहिले जाते, कारण त्या भांड्यात आजवर अन्नाखेरीज काही गेलेले नसते. यंत्रशाळेत मात्र स्वच्छता पुरेशी ठरत नाही. तेथे वस्तूचा पूर्वेतिहास पाहावा लागतो. कालपर्यंत ज्या पत्र्यावर रंग सुकत होता, ज्या डब्यात थिनर होते, ज्या भट्टीत रसायन तापत होते, ती वस्तू आज घासून लखलखीत केली तरी तापल्यावर आपला इतिहास अन्नाच्या स्वाधीन करते. उष्णता स्वतः निरुपद्रवी असते. विजेच्या तारेची असो, गॅसची असो वा तापलेल्या विटेची असो, तिच्यामुळे तांदूळ सारखाच शिजतो. तेव्हा यंत्रशाळेकडून उष्णता अवश्य घ्यावी, परंतु अन्नाला ज्या पृष्ठभागाचा, धुराचा आणि हवेचा स्पर्श होणार ती तिन्ही स्वयंपाकाचीच असावीत.

जगात जेथे जेथे कारागिरांनी भट्टीवर अन्न शिजवले आणि ती पद्धत टिकली, तेथे ही अट पाळलेली दिसते. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या इम्प्रुनेता गावी कौले भाजणारे कुंभार मिरी घातलेले गोमांस मातीच्या भांड्यात भरून कौलांच्या भट्टीच्या तोंडाशी ठेवीत, आणि ते पक्वान्न आजही त्या गावाच्या नावाने ओळखले जाते. स्वीडनमधील स्मोलांद प्रांतात काच हळूहळू निववण्याच्या भट्ट्यांत हेरिंग मासे भाजण्याची चाल होती. आपल्याकडील रायगड जिल्ह्यातील पोपटी याच जातीची आहे : मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी किंवा कोंबडी भरून ते उपडे ठेवले जाते आणि भोवती काटक्या-पेंढा पेटवला जातो, जाळ बाहेर राहतो आणि पाल्याच्या वाफेत आतले शिजते. इंग्लंडमधील वाफेच्या इंजिनांवरचे फायरमन कोळसा ओढण्याच्या फावड्यावर अंडी तळीत, हा एक अपवाद वाटतो. पण ते फावडे आधी इंजिनाच्याच उकळत्या पाण्याने धुतले जाई आणि त्यावर कोळशाखेरीज काही पडत नसे. त्याचाही इतिहास माहीत होता.

गाळ्यात सर्वांत सहज हाताशी येणारे साधन म्हणजे हॉट एअर गन. विजेच्या तारेवरून हवा फुंकून ती 500 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापवणारे हे पिस्तुलासारखे यंत्र वायरवर श्रिंक स्लीव्ह बसवण्यासाठी आणि जुना रंग सोलण्यासाठी वापरले जाते. पापड त्यावर फार चांगला भाजतो, कारण हवा कोरडी असते आणि ज्वाला नसल्याने तो करपत नाही. पापड जाळीवर ठेवून गन साधारण एक वीत अंतरावरून गोल फिरवावी. शेंगदाणे जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घेऊन, एका हाताने उलथने चालवत दुसऱ्या हाताने मध्यम तापमानाची हवा सोडल्यास ते एकसारखे भाजले जातात आणि फोलपटे आपोआप उडून जातात. परदेशांत हौशी लोक कॉफीच्या हिरव्या बिया याच रीतीने भाजतात. मात्र जी गन एकदाही रंग सोलण्यासाठी वापरली असेल ती अन्नाकडे वळवू नये, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ गनच्या तोंडाशी व पंख्यात बसलेली असते. अन्नासाठी वेगळी गन घेऊन तिच्यावर रंगाची खूण करावी. ती 2000 वॅटची असल्यास सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढते. म्हणून ती 15 अँपिअरच्या सॉकेटवरच लावावी, पंख्या-दिव्याच्या एक्स्टेंशन बोर्डावर नव्हे.

ज्वालेची साधने यापेक्षा अवघड आहेत. मटणाच्या दुकानांत मुंडी आणि पाय भाजून केस जाळण्यासाठी गॅसची नळीदार ज्योत वापरतात, तीच रीत भरताचे वांगे, सिमला मिरची किंवा मक्याचे कणीस भाजण्यास उपयोगी पडते. ज्योत अन्नापासून दूर धरून पेटवावी, ती निळी आणि स्थिर झाली म्हणजेच अन्नाकडे न्यावी. पिवळी ज्योत म्हणजे न जळलेला कार्बन, आणि तो काजळी होऊन वांग्यावर बसतो. रॉकेलवर चालणारा जुना ब्लोलॅम्प या कामासाठी वापरू नये, कारण सुरुवातीचे रॉकेल अर्धवट जळते आणि त्याचा वास भरतातून जात नाही. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत तर पूर्णपणे वर्ज्य समजावी. तिचे तापमान 3000 अंशांच्या वर जाते, त्यामुळे वरचा थर कोळसा होतो आणि आतला भाग कच्चाच राहतो. शिवाय ऑक्सिजन कमी पडल्यास ॲसिटिलीनइतकी काळी काजळी दुसरा कोणताही गॅस टाकत नाही. तेलकट अन्नाजवळ ऑक्सिजनचा होज नेणे हा तर स्वतंत्र धोका आहे, कारण शुद्ध ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेल अतिशय वेगाने पेट घेते, आणि म्हणूनच त्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावू नये हे वेल्डरला पहिल्या दिवशी शिकवले जाते.

पाणी तापवण्याचा रॉड हे गाळ्यातील आणि वसतिगृहांतील दुसरे लोकप्रिय साधन. हजार वॅटचा रॉड तीस अंशांवरचे एक लिटर पाणी सुमारे पाच मिनिटांत उकळतो, आणि त्यात अंडी किंवा शेवया टाकण्याचा मोह होतो. शेवयांतील पिठाचा थर रॉडवर बसून करपतो, त्याखाली नळी अवाजवी तापते आणि तडकली की संपूर्ण भांडे विजेच्या संपर्कात येते. मग चमचा बुडवणारा हात हीच अर्थिंगची वाट ठरते. रॉडने फक्त पाणी उकळावे, बटण बंद करून पिन काढावी, आणि ते पाणी अन्नावर ओतावे. शिवणकामाच्या गाळ्यांत इस्त्रीवर पाव आणि सँडविच भाजले जातात. पावाभोवती बटर पेपर असल्यास त्यात फारसे वावगे नाही, परंतु इस्त्रीच्या तळाला कापड चमकू नये म्हणून टेफ्लॉनचा ‘शू’ चढवलेला असेल तर तो 260 अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो, म्हणून ती इस्त्री कमाल तापमानावर पावाखाली ठेवू नये.

आता ओव्हन. फसगत होते ती येथेच, कारण ही साधने दिसायला हुबेहूब स्वयंपाकघरासारखी असतात. पावडर कोटिंगचा ओव्हन 180 ते 200 अंशांवर चालतो, म्हणजे ज्या तापमानावर पाव आणि नानकटाई भाजतात नेमक्या त्याच. दार, जाळी, तापमानदर्शक, सर्व काही जुळते. पण त्याच्या भिंतींवर प्रत्येक खेपेला उडालेल्या रेझिनचा थर बसलेला असतो आणि तो प्रत्येक वेळी तापून पुन्हा थोडा हवेत येतो. अशा ओव्हनमध्ये झाकलेला डबाही ठेवू नये. उष्णोपचार करणाऱ्या, म्हणजे लोखंडाला कडकपणा देण्यासाठी ते तापवून निववणाऱ्या गाळ्यांत मिठाच्या भट्ट्या असतात. ‘मीठ’ या शब्दाने कोणाची दिशाभूल होऊ नये, कारण पृष्ठभाग कडक करण्याच्या मिठात सायनाइड असू शकते. प्लेटिंगच्या गाळ्याबाबत तर शिजवणेच नव्हे, त्या खोलीत खाणेही टाळावे. जेवणाची खोली उपलब्ध असताना कामाच्या खोलीत खाऊ नये, हा दंडक 1948 च्या कारखाना अधिनियमातच घातलेला होता.

वेल्डिंग रॉड सुकवण्याच्या ओव्हनची गोष्ट थोडी निराळी आणि म्हणून अधिक बोधक आहे. ई-7018 सारख्या कमी हायड्रोजनच्या रॉडना हवेतील दमटपणा चालत नाही; पावसाळ्यात तर ते 300 ते 350 अंशांवर भाजून पुढे 100 ते 150 अंशांवर ठेवावे लागतात. हे दुसरे तापमान डबा गरम ठेवण्यास अगदी योग्य असल्याने जगभरचे वेल्डर त्यात डबा ठेवतात, आणि जगभरचे तपासनीस त्यांना त्यावरून ओरडतात. ओरडण्याचे पहिले कारण अन्नाशी संबंधित नसते. डब्यातील वाफ रॉडच्या लेपात शिरते, त्या पाण्यातील हायड्रोजन वितळलेल्या धातूत जातो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, जोडाला केसाएवढी चीर पडते. दुसरे कारण अन्नाचे : त्या लेपात कॅल्शियम फ्लोराइड असते आणि त्याची भुकटी ओव्हनच्या तळाशी साठलेली असते. अशा रीतीने आमटी जोड बिघडवते आणि जोड आमटी बिघडवतो; असा दुहेरी तोटा क्वचितच पाहायला मिळतो.

भांड्याच्या धातूविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण गाळ्यात पत्र्याचे तुकडे विनामूल्य मिळतात आणि त्यांपासून जाळ्या, तवे, झाकणे बनतात. सर्वांत घातक पत्रा जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. जस्त सुमारे 420 अंशांवर वितळते, आणि त्याहून जास्त तापल्यास त्याचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, ज्याला वेल्डर अनुभवाने ओळखतात. कमी तापमानावरही सुटका नाही, कारण चिंच, कोकम, टोमॅटो किंवा ताक यांची आंबटाई जस्त विरघळवते आणि असे अन्न खाल्ल्यास उलट्या होतात. म्हणून जी.आय. पत्र्यावर कणीस भाजू नये आणि जी.आय. बादलीत कढी किंवा सोलकढी ठेवू नये. जाळीला लावलेले पिवळसर झाकेचे नट-बोल्टही जस्ताचेच असतात, आणि ती पिवळी झाक क्रोमेटची असते. त्यांऐवजी काळे किंवा स्टेनलेसचे बोल्ट वापरावेत.

स्टेनलेसमध्ये 304 हा दर्जा, ज्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, अन्नासाठी निर्धोक मानला जातो. बाजारात 202 हा स्वस्त दर्जाही त्याच झळाळीने मिळतो. त्यात निकेलचा काही भाग मँगेनीजने भरून काढलेला असतो आणि खारट-आंबट पदार्थांत तो लवकर डागाळतो. लोहचुंबकाने हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, कारण दोन्ही जवळजवळ चुंबकाला चिकटत नाहीत. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, अस्सल आहे’ असे दाखवतो तेव्हा त्याने काहीही सिद्ध केलेले नसते. ज्या गाळ्यात पत्रा येतो तेथे त्याचे प्रमाणपत्र किंवा निदान पत्र्यावरचा छापील दर्जा पाहावा. वेल्डिंगनंतर जोड उजळवण्यासाठी लावलेल्या पिकलिंग पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ले असतात, तर पॉलिशनंतर बफिंगचे मेण खाचांत राहते. पेस्ट भरपूर पाण्याने आणि मेण सोडा टाकलेल्या गरम पाण्याने पूर्णपणे काढावे. लेथवर सहज कातले जाणारे पितळ हे बहुधा शिसे मिसळलेले असते, सुमारे 3 टक्क्यांपर्यंत, कारण शिशामुळेच त्याचा कीस तुटक निघतो. त्या सळईपासून रवी, डाव किंवा नळाची तोटी कातून घेऊ नये.

पितळेचा विषय निघाला की कल्हईवाला आठवणे स्वाभाविक आहे, कारण यंत्रशाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामधला तोच जुना दुवा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, त्याला भाता. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून मळ काढायचा आणि कथलाची काडी फिरवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने पसरायचे, एवढ्यावर तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवता येऊ लागतात. कथील 232 अंशांवर वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये. आणि काडी शुद्ध कथलाची असल्याची खात्री करावी. झाळकामाची काडी दिसायला तशीच असली तरी तिच्यात शिसे असते. उपनगरांतून कल्हईवाले कमी झाल्यामुळे कोणी हौसेने गाळ्यातच कल्हई करू लागला तर नेमकी हीच चूक होण्याचा संभव अधिक.

आता बनवण्याकडे वळू या, कारण यंत्रशाळेने स्वयंपाकाला दिलेली खरी देणगी तीच आहे. उपनगरांतील पावभाजीचे आणि डोशाचे तवे हे कोणत्याही नामांकित कंपनीचे नसून जाड एम.एस. प्लेटमधून, म्हणजे साध्या कमी कार्बनच्या लोखंडातून, फॅब्रिकेटरकडून कापून घेतलेले असतात. प्लेट जाड असण्याचे कारण असे की, बटाटा किंवा पीठ टाकल्यावर पातळ तवा लगेच निवतो आणि पदार्थ चिकटतो, उलट जाड प्लेट उष्णता साठवून ठेवते. घरगुती शेगडीसाठी 5 ते 6 मिलिमीटर पुरेशी होते. गाड्यावरच्या तव्यासाठी 10 मिलिमीटरच्या आसपास. नव्या प्लेटवर निळसर काळा पापुद्रा आणि गंजरोधक तेल असते. पापुद्रा ग्राइंडरने घासून काढावा, काठ गोल करावेत, आणि मग तवा उघड्या हवेत तासभर चांगला तापवावा म्हणजे तेल जळून जाते. धूर थांबला की निववून, साबणाने धुऊन, सुकवून, बिडाच्या तव्यासारखे तेलाचे पातळ बोट फिरवून पुन्हा तापवावे. हे तीन-चार वेळा केल्यावर तव्यावर काळा, गुळगुळीत थर तयार होतो. ग्राइंडरला बसवलेला तारेचा ब्रश या तव्यावर पुढे कधीही वापरू नये, कारण त्याचे तुटलेले केस तव्यात अडकतात आणि घशात रुततात.

शेगडीसाठी 3 मिलिमीटर एम.एस. पत्रा आणि 10 ते 12 मिलिमीटरच्या साध्या सळ्या वापराव्यात. दोन सळ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवले तर राख खाली पडते आणि निखारा वर राहतो. तळाशी हवेसाठी सरकते दार ठेवावे. 200 लिटरचा ड्रम आडवा कापून मोठी शेगडी करण्याची पद्धत सर्वत्र आढळते, पण ड्रम हा सर्वाधिक इतिहास असलेला जिन्नस होय. भंगारातील ड्रममध्ये पूर्वी काय होते याची खात्री देता येत नाही, आत इपॉक्सीचा लेप असू शकतो, आणि ‘रिकामा’ ड्रम हा बहुधा ज्वालाग्राही वाफेने भरलेला असतो. त्यावर गॅस कटर लावताच तो बॉम्बसारखा फुटतो. खाद्यतेलाचाच ड्रम घ्यावा, त्याची दोन्ही बुचे उघडून तो पाण्याने काठोकाठ भरावा, मग पाणी ओतून देऊन शक्यतो ठिणगी न पाडणाऱ्या छिन्नीने कापावा, आणि पहिले दोन-तीन जाळ अन्नाशिवाय करून आतला रंग जाळून टाकावा.

इंधनाविषयी औद्योगिक वसाहतींत एक विशेष सोय दिसते, ती म्हणजे फुकट मिळणाऱ्या पॅलेटची. माल ठेवण्याच्या या लाकडी चौकटी अंधेरीच्या विमानतळ-मालवाहतुकीमुळे तेथे मुबलक असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यांवर कीड मारण्याच्या पद्धतीचा शिक्का असतो : ‘एच.टी.’ असल्यास लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, ‘एम.बी.’ असल्यास मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने. दुसऱ्या प्रकारचे, रंग लावलेले, अथवा ज्यावर कसले तरी द्रव सांडल्याचे डाग आहेत असे लाकूड जाळू नये. प्लायवुड आणि एम.डी.एफ. यांत फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, त्यामुळे सुताराच्या गाळ्यातील भुसा आणि पट्ट्या चुलीला घालण्याची काटकसर महागात पडते. लोहाराच्या भट्टीतील दगडी कोळशाच्या निखाऱ्यावर बटाटा किंवा लिट्टी थेट पुरू नये. त्यातील गंधक पदार्थाला कडवट करते, आणि दगडी कोळशात गंधकापेक्षा वाईट गोष्टीही असतात. लाकडी कोळसाच घ्यावा. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. हा आदेश गाळ्यातील जेवणाच्या शेगडीविषयी नसला तरी वसाहतीच्या अरुंद बोळात रोज कोळशाची शेगडी पेटवणाऱ्याने शेजारच्या गाळ्याचा विचार करण्यास हरकत नाही.

गॅस वापरायचा तर 14.2 किलोचा लाल घरगुती सिलिंडर गाळ्यात आणणे नियमबाह्य आहे. व्यवसायासाठी 19 किलोचा निळा असतो. स्थलांतरित कारागिरांना बहुधा माहीत नसते की 5 किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतो. त्यामुळे गल्लीत चोरून भरून दिल्या जाणाऱ्या, झडप गळणाऱ्या छोट्या टाक्या घेण्याची गरज उरत नाही. एल.पी.जी. हवेपेक्षा जड असल्याने गळालेला गॅस जमिनीलगत पसरतो आणि गाळ्यातील यंत्राच्या खड्ड्यात किंवा गटाराच्या झाकणाखाली साचतो, तर ठिणगी पाडणारा ग्राइंडर चार पावलांवर चालू असतो. म्हणून सिलिंडर दाराजवळ, पण बाहेर पडण्याची वाट अडणार नाही असा ठेवावा, काम सुरू होण्यापूर्वी स्वयंपाक आटोपून रेग्युलेटर बंद करावा, आणि पोटमाळ्याच्या जिन्याखाली तो कधीही ठेवू नये. 18 डिसेंबर 2017 रोजी पहाटे खैरानी रोडवरील फरसाणाच्या एका गाळ्याला लागलेल्या आगीत 12 कामगार मृत्युमुखी पडले. जेथे चूल आणि झोपण्याची जागा एकाच शटरमागे असते तेथे वाटेत काय ठेवले आहे याला भांड्याच्या धातूपेक्षा अधिक महत्त्व असते. कोळशाची शेगडी तर विझल्यासारखी वाटली तरी रात्री आत ठेवू नये : राखेखालचा निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जाणवतही नाही.

मोजमापाची साधने मात्र नि:शंकपणे स्वयंपाकाकडे वळवावीत, आणि याबाबतीत यंत्रशाळा घरापेक्षा खरोखरच पुढे आहे. के-जातीचा थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारांचे टोक जोडून केलेला तापमापक, नवा आणि स्टेनलेसच्या आवरणातला असल्यास तेलाचे तापमान नेमके सांगतो. वडे 170 ते 180 अंशांवर तळले तर ते तेल पीत नाहीत. लांबून तापमान वाचणारी इन्फ्रारेड गन काळ्या तव्यावर बरोबर वाचते पण चकचकीत स्टीलवर फसते, कारण चमकता पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी उत्सर्जित करतो आणि भोवतालची अधिक परावर्तित करतो. तेथे भांड्यावरच्या काळ्या, तेलाच्या डागाकडे गन रोखावी. तापमान नियंत्रक, एक बल्ब आणि थर्माकोलची पेटी एवढ्यावर इडलीचे पीठ पावसाळी रात्री 30 अंशांवर आणि दही 40 ते 43 अंशांवर ठेवता येते. भट्टी चालवणाऱ्या कारागिराला ही जोडणी शिकवावी लागत नाही.

उरतो तो डबा, ज्यासाठी बहुतेक वेळा हा सारा खटाटोप चाललेला असतो. त्यासाठी सर्वांत साधा उपाय म्हणजे पाण्याचे पातेले. स्टेनलेसचे पसरट पातेले, त्यात डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी, तळाशी डबा टेकू नये म्हणून एक जाळी, आणि खाली हजार वॅटची बंद तबकाची शेगडी. डब्याचे झाकण सैल करावे, पाणी उकळू न देता वाफाळत ठेवावे, आणि भाताचा डबा मध्यभागी ठेवावा, कारण सकाळी शिजवून कोमट राहिलेल्या भातात जंतू लवकर वाढतात. तो नुसता कोमट न करता चांगली वाफ येईपर्यंत तापवावा. पातेल्यावर ‘फक्त डबा’ असे रंगवून ठेवावे, नाहीतर एखाद्या दुपारी त्यात कोणी बेअरिंग गरम करतो. लेथचे कूलंट, जे पाण्यात मिसळल्यावर दुधासारखेच पांढरे दिसते, ते जुन्या पाण्याच्या बाटलीत भरून त्या पातेल्याशेजारी ठेवू नये, आणि हात रॉकेलने नव्हे तर साबणाने, नखांच्या कडांसह धुतल्यावरच डबा उघडावा.